सांग शिंग तांग: कोरड्या खोकल्याचं चिनी औषध (आणि ते आपल्या काढ्यासारखं का उकळायचं नाही)

बेइजिंगमधल्या पहिल्याच सप्टेंबरात मला कोरड्या खोकल्याने धरलं. पावसाळा सरला की तिथली हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात, नाकात खपली धरते, आणि दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. रत्नागिरीच्या दमट हवेत वाढलेल्या माझ्या घशाला हे सगळंच नवीन होतं. चिनी वैद्यांनी दोन्ही हातांची नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली आणि तीन दिवसांच्या तीन कागदी पुड्या हातात ठेवल्या.

घरी येऊन मी आईला पाहत आले होते तेच केलं. पातेल्यात पुडी ओतली, चार कप पाणी घातलं आणि मंद आचेवर ठेवून दिलं, एक कप उरेपर्यंत. तासभराने जे उरलं ते डांबरासारखं काळं आणि कडूजहर. वासाने शेजारच्या बाई दारात आल्या. त्यांना मी 'आयी' म्हणायचे. चिनी भाषेत आयी म्हणजे मावशी, त्यामुळे मला ती हाक मारायला कधी जड गेलं नाही. आयींनी पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "औषध शिजवलंस की जाळलंस?"

ती पुडी होती सांग शिंग तांगची. 'सांग' म्हणजे तुती, 'शिंग' म्हणजे जर्दाळू, 'तांग' म्हणजे कढण. हे औषध हलकं आहे, हलकंच राहिलं पाहिजे, आणि आपल्याकडच्या माणसाकडून नेमकी इथेच चूक होते.

पिसासारखं औषध

हे औषध वू जुतोंग या वैद्याचं. जन्म 1758 चा, गाव ज्यांगसू प्रांतातलं ह्वाइआन, काळ छिंग राजवटीचा. उष्ण तापांवरचा त्याचा 'वेनबिंग त्याओब्येन' हा ग्रंथ 1798 मध्ये लिहून झाला आणि 1813 मध्ये छापला गेला. त्यात त्याने शरीराचे वरचा, मधला आणि खालचा असे तीन भाग धरून उपचार सांगितले आहेत. वरच्या भागाचा, म्हणजे फुप्फुसांचा, उपचार पिसासारखा असावा. हलका नसेल तर तो वर चढणारच नाही, असं त्याचं सांगणं. सांग शिंग तांगच्या कृतीखाली तर त्याने बजावूनच ठेवलंय की हलकी औषधं जड करून वापरू नयेत.

आपल्या काढ्याचं शास्त्र वेगळं. पाणी आटवून चौथा किंवा आठवा हिस्सा ठेवायचा, अर्क घट्ट करायचा. मुळं, साली, कठीण काष्ठौषधी असतील तर ते बरोबरही आहे. पण इथे पानं आहेत, फळाची साल आहे, आंबवलेले दाणे आहेत. तासभर उकळलं की त्यांचा सुगंध उडून जातो आणि भांड्यात कडवटपणा तेवढा मागे राहतो.

पाठ्यपुस्तकांत एका दिवसाचं प्रमाण असं दिलेलं असतं:

- तुतीची पानं (सांग ये): 3 ग्रॅम
- जर्दाळूच्या बीचा कडू गर (शिंग रेन): 4.5 ग्रॅम
- शा शेन नावाचं मूळ: 6 ग्रॅम
- झे बेइमू हा कंद: 3 ग्रॅम
- आंबवलेलं काळं सोयाबीन (डान डोउ छी): 3 ग्रॅम
- गार्डेनियाच्या फळाची साल: 3 ग्रॅम
- नाशपातीची साल: 3 ग्रॅम

एकूण साडेपंचवीस ग्रॅम. चिनी पुड्या बहुतेक वेळा याहून बऱ्याच जाड असतात. आजचे वैद्य एकेका वस्तूचं प्रमाण 6 ते 9 ग्रॅमपर्यंतही नेतात, तेव्हा तुमच्या पुडीचं वजन वेगळं भरलं तर घाबरू नका. मात्र आपल्या मनाने घरी वजन वाढवू नका.

आधी ठरवा: खोकला याच जातीचा आहे का?

'कोरडा खोकला आहे' एवढं सांगितलं तर चिनी वैद्य औषध देत नाही. त्याला आजाराचा 'हवामान अंदाज' लागतो. वारा, थंडी, उन्हाळा, दमटपणा, कोरडेपणा आणि आग अशी बाहेरून येणारी सहा कारणं ते मानतात, आणि शरद ऋतूचा धनी कोरडेपणा. त्याचेही दोन प्रकार आहेत. शरदाच्या सुरुवातीला, उन्हाळ्याची धग अजून हवेत असताना येतो तो उष्ण कोरडेपणा. पुढे गारठा पडायला लागल्यावर येतो तो थंड कोरडेपणा.

सांग शिंग तांग पहिल्या प्रकारासाठी आहे. किंचित कणकण, घसा आणि नाक सुकलेलं, तहान लागते, कफ पडत नाही किंवा पडला तर गोंदासारखा चिकट आणि थोडासाच, जीभ लालसर आणि तिच्यावरचा पातळ पांढरा थर कोरडा. हे चित्र जुळलं तर गाडी बरोबर रुळावर आहे.

थंडी वाजतेय, नाकातून पाणी गळतंय, तहान नाही, घाम नाही, तर हे औषध नको. तिथे त्याच ग्रंथातलं शिंग सू सान देतात, ज्यात आलं आणि सुगंधी पानं येतात. कफ भरपूर आणि पांढरा असेल, छातीत घरघर असेल, तरीही हे नको; ओलसर कफात हे औषध घालणं म्हणजे पावसात झाडांना पाणी घालणं. आणि उष्ण कोरडेपणाच जोरात असेल, ताप चढलेला, छाती भरून आलेली, श्वास लागतोय, तर त्यासाठी यू छांग या वैद्याचं 1658 च्या ग्रंथातलं 'छिंग झाओ ज्यू फेइ तांग' आहे. अशा अवस्थेत मी तरी पुडीच्या दुकानात जाणार नाही, आधी डॉक्टरकडे जाईन.

त्यावरून एक गोष्ट स्पष्टच सांगते. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी थुंकीची तपासणी. आपल्या देशात तरी, आपल्याला क्षयरोग झालेला नाही हे नक्की झाल्याशिवाय कोणतंच कढण उकळायला घेऊ नका. खोकल्यातून रक्त, संध्याकाळी ताप, वजन उतरणं, धाप लागणं, छातीत दुखणं यांपैकी काहीही असेल तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. लहान मूल धडधाकट खेळता खेळता अचानक खोकायला लागलं तर घशात काही अडकलंय का ते बघा आणि थेट रुग्णालय गाठा. रक्तदाबाची 'प्रिल'ने संपणारी गोळी (रामिप्रिल, एनालाप्रिल) चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीचाच असू शकतो. डॉक्टरांना विचारून गोळी बदलली की तो जातो, तुतीच्या पानांनी जाणार नाही. आम्लपित्त आणि दमा यांचाही खोकला बऱ्याचदा कोरडाच असतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, सोयाबीनची ॲलर्जी असलेले आणि ज्यांचं पोट चटकन ढिलं होतं ते, यांनी वैद्याला तसं सांगितल्याशिवाय घेऊ नये. गार्डेनिया आणि नाशपाती दोन्ही थंड. तुतीचं पान जेवणानंतरची साखर खाली आणतं, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं.

पुडी उघडा आणि बघा

सरळ भांड्यात ओतू नका. वर्तमानपत्रावर पसरा आणि एकेक वस्तू ओळखा. दुकानातून चूक होते, पुडी बदलू शकते.

तुतीची पानं चुरगळलेली आणि तपकिरी-हिरवी असतात. चिनी वैद्य पहिलं दहिवर गोठून पडल्यानंतर तोडलेली पानं मागतात. आपल्या मराठवाड्यात रेशीम किड्यांसाठी तुतीचे मळे आहेत, पण तिथली ओरबाडलेली पानं यासाठी घेऊ नका. तोडणीचा काळ वेगळा, आणि त्यावर काय फवारलंय ते तुम्हाला ठाऊक नसतं.

गार्डेनिया म्हणजे आपला अनंत. कोकणात कित्येक घरांच्या पुढच्या दारी असतो तोच, पांढऱ्या फुलांचा. आपल्याकडे बहुधा दुहेरी पाकळ्यांचा लावतात आणि त्याला फळ धरत नाही, म्हणून अनंताचं फळ म्हटलं की आपण चमकतो. चीनमध्ये एकेरी पाकळ्यांच्या झाडाची केशरी, कंगोऱ्याची फळं वाळवून वापरतात. मूळ कृतीत फक्त साल आहे, आता सर्रास अख्खं फळ ठेचून देतात. पाण्यात पडलं की गर्द पिवळा रंग सोडतं.

काळं सोयाबीन बिनमिठाचं हवं. चिनी स्वयंपाकातलं खारवलेलं काळं सोयाबीन वेगळं, ते सॉसमध्ये जातं. औषधाचं सोयाबीन तुतीच्या पानांच्या आणि दवण्याच्या कुळातल्या छिंगहाओ या वनस्पतीच्या रसात आंबवलेलं असतं. वास थोडा कुबट येतो, तो यायलाच हवा. बुरशीचा पांढरा-हिरवा थर मात्र नको.

बेइमूच्या चकत्या पांढऱ्या आणि पिठूळ असतात, बोटाला लागतात. झे बेइमू हा झेज्यांग प्रांतातला, स्वस्त. सिचुआनचा छ्वान बेइमू त्याहून कितीतरी महाग. त्यातल्या उत्तम प्रतीच्या कंदात एक मोठी पाकळी छोट्या पाकळीला कवेत घेते, चिनी लोक त्याला 'कुशीतला चंद्र' म्हणतात. या औषधात तो लागतच नाही. 'हा घ्या, जास्त गुणकारी' म्हणून कोणी गळ्यात मारायला लागलं तर नको म्हणा. हिमालयातही ही जात उगवते आणि खोदून खोदून विरळ झाली आहे.

उरला जर्दाळूचा गर, आणि इथे जरा थांबू. आपण लहानपणी जर्दाळू खाऊन झाला की बी पाट्याखाली फोडून आतला बदाम खायचो. तो गोड. औषधात असतो तो कडू, आणि त्याच्या कडूपणातच विष आहे. त्यात ॲमिग्डालिन नावाचं द्रव्य असतं. गर ठेचून कोमट किंवा गार पाण्यात पडला की त्यातून सायनाइड सुटतं. चीनची अधिकृत औषधसंहितासुद्धा त्याला 'किंचित विषारी' म्हणते. म्हणून तीन नियम. एक, कच्चा गर तोंडात टाकायचा नाही, आणि तो मुलांच्या हाताला लागेल असा ठेवायचा नाही. दोन, दुकानातून उकळत्या पाण्यातून काढून साल काढलेलाच गर मागायचा. तीन, तो भिजत घालायचा नाही. चांगली दुकानं त्याची वेगळी छोटी पुडी बांधून 'नंतर घाला' असं लिहूनच देतात. माझ्या पहिल्या पुडीतही ती होती. मी तीही फोडून सगळ्यात मिसळून टाकली होती.

कृती

भांडं मातीचं, चिनी मातीचं किंवा काचेचं. स्टेनलेस स्टील चालेल. लोखंड, तांबं आणि कल्हई गेलेलं पितळ नको. ॲल्युमिनियमही नको.

जर्दाळूची पुडी बाजूला काढा. बाकीच्या सहा वस्तू एकदा भरकन पाण्यातून काढा. चोळून धुऊ नका. मग भांड्यात घालून साधारण 400 मिली गार पाणी ओता आणि अर्धा तास भिजू द्या. पानं पाण्यावर तरंगतात, ती लाकडी चमच्याने दाबून खाली बसवा. पुडी जाड असेल तर मिली मोजत बसू नका, औषधांवर बोटाची दोन पेरं पाणी राहील एवढं घाला.

आता मोठी आच. पाणी खळखळलं की आच बारीक करा आणि झाकण ठेवा. पाच मिनिटांनी जर्दाळूचा गर खलबत्त्यात दोन ठोके देऊन भरड करा आणि लगेच थेट उकळत्या पाण्यात टाका. उकळत्या पाण्यात पडला की सायनाइड सोडणारं त्यातलं पाचक द्रव्य मरतं. ठेचून ओट्यावर ठेवून फोनवर बोलत बसू नका. गर टाकल्यावर आणखी 10 मिनिटं. बस्स. उकळी आल्यापासून एकूण 15 मिनिटांत गॅस बंद झाला पाहिजे. स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवा.

गरम असतानाच गाळा. गाळण्यावर चमच्याने दाबून रस काढा. साधारण एक कप, 200 मिलीच्या आसपास मिळेल. वू जुतोंगचं मापही हेच आहे: दोन कप पाणी, एक कप उरवायचं, एका दमात प्यायचं, दुखणं जोराचं असेल तर पुन्हा एकदा नव्याने करायचं. आजचे वैद्य बहुधा त्याच चोथ्यात 300 मिली पाणी घालून दुसऱ्यांदा 10 मिनिटं उकळायला लावतात आणि दोन्ही कढणं एकत्र करून सकाळ-संध्याकाळ वाटून देतात. तुमच्या कागदावर जे लिहिलंय ते करा. तिसरी उकळी काढू नका.

बरोबर झालं की नाही ते रंग सांगतो. कोऱ्या चहाला हळद लागावी तसा पिवळट तपकिरी, पारदर्शक. कपाचा तळ दिसायला हवा. वास पानांचा आणि मागून थोडा आंबूस. चव कडवट, पण तोंड वाकडं करावं अशी नाही. काळं, दाट आणि तळ न दिसणारं झालं असेल तर माझ्यासारखं जाळलंत. ते ओतून द्या, पाणी घालून वाचवू नका.

ज्यांना हा खटाटोप नको त्यांच्यासाठी चीनमधली रुग्णालयं औषध उकळून, प्लास्टिकच्या सीलबंद पिशव्यांत भरून देतात. दाणेदार पूडही मिळते. नोकरी करणाऱ्याला ते सोयीचं आहे, पण औषध कसं दिसतं-वासतं हे कळण्यासाठी निदान एकदा तरी घरी उकळावं असं मला वाटतं.

पिताना

कोमट प्या, जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. फ्रिजमधलं गार नको. उरलेला भाग त्याच दिवशी संपवा, रात्रीचं सकाळी नको. दुसरी काही औषधं चालू असतील तर मध्ये एक-दोन तास जाऊ द्या आणि ती कोणती हे वैद्याला सांगा. वत्सनाभ (बचनाग) असलेलं आयुर्वेदिक औषध घेत असाल तर ते आवर्जून सांगा, कारण चिनी शास्त्रात बेइमू आणि वत्सनाभाच्या जातीची मुळं एकत्र देत नाहीत.

यासोबत सुंठ, मिरी, लवंग, गवती चहा काही नको. खोकला म्हटलं की आपला हात आपोआप आल्याकडे जातो, पण या औषधाच्या हिशोबाने घसा आधीच तापलेला आणि सुकलेला आहे. तळलेलं, झणझणीत आणि दारूही तेवढे दिवस बंद. भाताची पेज उत्तम.

किती दिवस? साधारण तीन पुड्या, मग पुन्हा वैद्याकडे. तीन दिवसांत काहीच फरक नाही तर निदान चुकलंय असं समजायचं, पुड्या वाढवायच्या नाहीत. मळमळ, चक्कर, डोकं दुखणं, धडधड झाली तर औषध बंद करून लगेच रुग्णालयात जा आणि जर्दाळूचा गर घेतल्याचं सांगा. आणि हेही ध्यानात असू द्या की सर्दीनंतरचा खोकला बऱ्याचदा अडीच-तीन आठवड्यांत आपसूक थांबतो. माझा दुसऱ्या आठवड्यात थांबला. त्याचं श्रेय पुडीचं किती आणि दिवसांचं किती, ते मी छातीठोक सांगणार नाही.

पुडी कुठून आणायची, आणि नाही मिळाली तर

चीन, हाँगकाँग, सिंगापूर, मलेशिया इथे राहणाऱ्यांना अडचण नाही. बेइजिंगमध्ये 1669 पासून चालत आलेलं तोंग रेन तांग हे औषधांचं दुकान आहेच, आणि सिंगापुरात चिनी वैद्यांना कायद्याने नोंदणी करावी लागते, तेव्हा नोंदणीकृत वैद्यच गाठा. जपानमध्ये असाल तर तिथले डॉक्टर यासाठी दुसरंच जुनं औषध देतात, बाकुमोन्दोतो. त्याचे दाणे विम्यात मिळतात, पण त्यात ज्येष्ठमध आहे, रक्तदाब असेल तर आधी सांगा.

पुण्या-मुंबईत राहून ऑनलाइन पुड्या मागवू नका. काय येईल, किती जुनं येईल, जर्दाळू कच्चा की उकळलेला, काहीच कळत नाही. त्याऐवजी आयींनी मला त्या दिवशी जे करून दाखवलं ते करा. त्यात औषधातली एकच वस्तू आहे, नाशपाती, आणि ती आपल्या बाजारात मिळते.

नाशपाती मऊ बब्बूगोशा नको, कडक, करकरीत, रसाळ नाख घ्या. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून नीट चोळून धुवा. साल काढायची नाही, औषधात सालच तर वापरतात. देठाकडून बोटभर जाडीची टोपी कापा, चमच्याने आतला बियांचा भाग कोरून काढा, पण तळाला भोक पडू देऊ नका. पोकळीत खडीसाखरेचे तीन-चार खडे आणि दोन चमचे पाणी. टोपी परत बसवा, टूथपिक टोचून पक्की करा. वाटीत उभी करून मोदकपात्रात ठेवा आणि बारीक आचेवर 40 ते 45 मिनिटं वाफवा. साल पारदर्शक झाली आणि वाटीत रस सुटला की झालं. रस प्या, फळ चमच्याने सालीसकट खा. दिवसातून एक पुरे. मधुमेह असेल तर खडीसाखर वगळा आणि अर्धीच खा. पोट ढिलं असेल तर राहू द्या. साखरेऐवजी मध हवा असेल तर फळ कोमट झाल्यावर वरून घाला, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही.

आयींनी माझं जळकं पातेलं मोरीत ठेवलं, स्वतःच्या घरून नाशपाती आणली आणि सगळं करून दाखवलं. मी सवयीने साल काढायला सोलाणं हातात घेतलं, तर त्यांनी ते काढून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवरला पाठ टेकून उभ्या राहिल्या, वाफ येईपर्यंत.